तळ्याकाठी जरा थांबावे

पाचगणी हे शाळांचे गाव. तेथून महाबळेश्वराकडे जाणारी सडक, ते गाव येण्यापूर्वीच, एका विस्तीर्ण तलावाच्या काठाने जाते. हाच वेण्णा तलाव. नगराला पाणी मिळावे म्हणून साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये तो बांधविला. आज त्याच्या काठी घोडे दौडतात, कणसे भाजली जातात आणि पाण्यावर होड्या विहरतात. परंतु या गजबजाटात येणाऱ्या बहुतेकांना तलावाचे जुने रहिवासी दिसतच नाहीत.

ते पाहावयाचे असतील, तर हिवाळ्यात भल्या पहाटे जावे. थंडी अशी असते, की कधी कधी गवतावरील दवसुद्धा गोठते. अशा वेळी एखादा खंड्या पाण्यावर नजर रोखून निश्चल बसलेला असतो. हिमालयाकडून शेकडो कोस उडत आलेला करडा धोबी शेपटी वरखाली हलवीत काठाने फिरतो. संथ पाण्यात टिबुकली बुडी मारते, ती भलतीकडेच वर येते. हे सारे पाहण्यास पैसा लागत नाही. मात्र तोंड मिटून, पाय रोवून उभे राहावे लागते.

पक्षिनिरीक्षण हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे काही जण म्हणतात. हे मत खरे नाही. थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. चिमणी हातात होती; पण ती कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते विचारण्यासाठी ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तेथूनच त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासास आरंभ झाला. वस्तू हाती येणे निराळे आणि तिचे ज्ञान होणे निराळे, हाच या प्रसंगाचा बोध होय. ज्ञान पकडण्याने येत नाही. ते धीराने पाहण्याने, पाहिलेले टिपून ठेवण्याने आणि प्रश्न विचारण्याने येते.

तलाव हा प्रवाशांच्या आनंदासाठीच आहे, असा दुसरा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. होड्यांवर आणि घोड्यांवर कित्येकांचा संसार चालतो. त्या बंद कराव्यात, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. परंतु टिबुकली आपले घरटे पाणवनस्पतींच्या आधाराने पाण्यावरच रचते आणि दूर जाताना अंडी पाल्याने झाकून ठेवते. अशा तरंगत्या घरास एक लाट किंवा एक खडाही पुरेसा होतो. म्हणून प्रत्येक तलावाचा एखादा तरी कोपरा पाखरांसाठी निवांत राखला जावा, ही मागणी अवाजवी नव्हे.

महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ मध्ये शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. कायदा वृक्षतोड रोखू शकेल, बांधकामे आवरू शकेल. पण मुलाच्या मुठीतील खडा तो कसा अडवणार? तो खडा त्या मुलानेच खाली टाकला पाहिजे. आणि ज्याने टिबुकलीला अंडी झाकताना एकदा पाहिले आहे, त्याचा हात खडा भिरकावण्यासाठी सहसा उठत नाही.