कोळंबीची रोगप्रतिकारशक्ती आणि पुरवणी खाद्य

कोकणच्या खाडीकाठी कोळंबी-संवर्धन करणाऱ्या शेतकऱ्याकडे खाद्याच्या पोत्यांबरोबर भुकट्यांचे डबेही येऊ लागले आहेत. त्यांवर 'रोगप्रतिकारशक्ती वाढेल' असे छापलेले असते. या द्रव्यांना शास्त्राचा आधारच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु सारा भरवसा त्यांवर टाकणे हे त्याहून अधिक चुकीचे आहे.

गुरांच्या शरीरात रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून त्यांना लस टोचता येते. कोळंबीत प्रतिपिंडे नसतात. तिच्या रक्तातील पेशी रोगजंतूंना गिळतात किंवा वेढून टाकतात. यीस्टपासून काढलेले बीटा-ग्लुकन या पेशींना जागे करते. तथापि हा परिणाम थोडे दिवस टिकतो, आणि भुकटी अखंड चालू ठेवल्याने तो वाढत जात नाही. खर्च मात्र वाढतो. क जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. ते खाद्यात नसल्यास कोळंबीच्या कवचाखाली काळे डाग पडतात व ती मरते. म्हणून ते नित्य हवे. मात्र साधे क जीवनसत्त्व साठवणीत नासते व पाण्यात विरघळून जाते. सबब त्याचा टिकाऊ प्रकार खाद्यात आहे किंवा कसे, हे खरेदीपूर्वी पाहावे.

१९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातील वाघी कोळंबीची अनेक तळी ओस पडली. २००९ पासून व्हेनामी जात आली, तरी तो विषाणू गेलेला नाही व त्यावर औषधही नाही. रोग दिसल्यावर भुकटी आणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. कारण आजारी कोळंबी प्रथम खाणेच सोडते.

खरे संरक्षण तळ्यातच आहे. प्रयोगशाळेत तपासलेले बीज, हंगामानंतर सुकवलेला तळ, बेताची दाटी, पहाटेच्या वेळी पुरेसा प्राणवायू आणि खेकडे रोखणारे कुंपण, यांवर आधी पैसा खर्च व्हावा. एवढे साधल्यावर पुरवणी द्रव्यांचा उपयोग होतो; त्यावाचून तो पैसा पाण्यात जातो.

ग्रामसेवकांनी या कामी शेतकऱ्यांस साहाय्य करावे. डब्यात कोणते द्रव्य आहे, ते किती प्रमाणात व किती दिवस द्यावयाचे, आणि त्यात बंदी असलेले प्रतिजैविक नाही ना, हे विक्रेत्यास विचारावे. शक्य असल्यास एका तळ्यात भुकटी द्यावी, दुसऱ्यात देऊ नये आणि दोन्हींची नोंद ठेवावी. कर्ज काढून पीक घेणाऱ्याने डब्यावरील शब्दांपेक्षा स्वतःच्या वहीतील आकड्यांवर विश्वास ठेवणे अधिक हितावह आहे.