काळं उलथणं फेकलंत? एक शून्य राहून गेलं होतं!

2024 च्या शेवटी एकच रील माझ्याकडे तीन ग्रुपमधून आलं : ‘स्वयंपाकघरातलं काळं प्लास्टिक आजच फेका, कॅन्सर होतो!’ मी आमचं काळं उलथणं कचऱ्यात टाकलं आणि रील चौथ्या ग्रुपवर ढकललं. नंतर कळलं, की ज्या अभ्यासावर ते रील बेतलं होतं, त्यात गुणाकारच चुकला होता.

नेमकं काय चुकलं?

‘केमोस्फिअर’ या शोधपत्रिकेत आलेल्या त्या अमेरिकी अभ्यासात काळ्या प्लास्टिकच्या 203 वस्तू तपासल्या होत्या. ज्यांत ब्रोमीन जास्त दिसलं, अशा 20 वस्तू पुढच्या चाचणीसाठी निवडल्या. त्यातल्या 17 मध्ये आग रोखणारी रसायनं सापडली. त्यांपैकी एक म्हणजे डेकाबीडीई. अशा भांड्यांतून ते रोज 34,700 नॅनोग्रॅम पोटात जाऊ शकतं, असा अंदाज होता. अमेरिकेतली मर्यादा शरीराच्या दर किलोमागे रोज 7,000 नॅनोग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 4,20,000. अभ्यासात छापलं गेलं 42,000! त्यामुळे जे प्रमाण मर्यादेच्या आठ टक्क्यांच्या आसपास होतं, ते मर्यादेला टेकल्यासारखं दिसलं. लेखकांनी डिसेंबरमध्ये दुरुस्ती केली. पण दुरुस्तीची रील्स कोण बघतं?

मग विषय संपला का?

नाही. खरा प्रश्न वेगळाच आहे : टीव्हीतलं रसायन उलथण्यात आलंच कसं?

जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरच्या प्लास्टिकने पेट घेऊ नये म्हणून त्यात पीबीडीई गटातली रसायनं मिसळायचे. डेकाबीडीई त्यातलंच. ती प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात, नुसती मिसळलेली असतात. त्यामुळे हळूहळू बाहेर पडतात आणि घरातल्या धुळीत बसतात. वस्तू भंगारात गेली, की तिचं काळं प्लास्टिक वितळवून नवी वस्तू बनू शकते. रसायनही त्यासोबत जातं.

शरीरात साठतं म्हणजे काय?

मीठ जास्त खाल्लं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. पीबीडीई पाण्यात नीट विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. छोटा मासा थोडं खातो, मोठा मासा असे शेकडो छोटे मासे खातो, आणि साखळीच्या टोकाला असलेल्या ओर्का देवमाशांच्या चरबीत भरपूर साठा होतो. डेकाबीडीई स्वतः माणसाच्या रक्तातून तुलनेने लवकर कमी होतं. पण त्याचे ब्रोमीनचे अणू गळून लहान पीबीडीई तयार होऊ शकतात, आणि त्यातले काही शरीरात वर्षानुवर्षं राहतात.

स्वीडनमध्ये आईच्या दुधाचे जुने नमुने जपून ठेवले होते. ते तपासल्यावर दिसलं, की 1972 ते 1997 या काळात पीबीडीईचं प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेलं. वापर कमी झाल्यावर ते उतरूही लागलं. माझ्या मते या सगळ्यातली सगळ्यात आशादायक गोष्ट हीच.

आरोग्याचं काय? पीबीडीईची रचना थायरॉइडच्या हार्मोनशी मिळतीजुळती आहे, म्हणून ती त्या यंत्रणेत ढवळाढवळ करू शकतात. गर्भाचा मेंदू घडताना हेच हार्मोन लागतं. गरोदरपणात आईच्या रक्तात ही रसायनं जास्त असतील, तर मुलांचा बुद्ध्यंक थोडा कमी आढळतो, असा संबंध अनेक अभ्यासांत दिसलाय.

कायदा आहे, पण...

स्टॉकहोम करारात पीबीडीईची काही मिश्रणं 2009 मध्ये आली, डेकाबीडीई 2017 मध्ये. आपल्या ई-कचरा नियमांतही 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. पण ती नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी. माळ्यावरच्या जुन्या टीव्हीतलं रसायन तिने नाहीसं होत नाही.

म्हणून मी आता काय करतो?

फरशी ओल्या फडक्याने पुसतो. रांगणारं बाळ घरात असेल तर हे जास्त महत्त्वाचं, कारण धुळीचे हात थेट तोंडात जातात. तव्यावर लाकडी किंवा स्टीलचं उलथणं वापरतो. आणि जुना चार्जर, कीबोर्ड, टीव्ही नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच देतो. कारण भंगारात ते प्लास्टिक उघड्यावर जाळलं, तर ब्रोमीनयुक्त डायऑक्सिन तयार होतात, आणि तो धूर आधी ते जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

माझं उलथणं फेकण्याने फारसं काही बदललं नाही. जुना टीव्ही कुठे जातो, याने मात्र बदलेल. आणि हो, त्या चौथ्या ग्रुपवर मी दुरुस्तीही टाकली. दोनच जणांनी पाहिली.