डॅशबोर्डमधली खोबण

जुन्या मर्सिडीजमधला कॅसेटचा स्टिरिओ काढून तिथे मोबाइलशी जोडता येणारा नवा स्टिरिओ बसवावा की नाही, हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकाने चर्चेला घ्यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. गाड्या हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे आणि अशी गाडी आमच्या वेतनश्रेणीतही बसत नाही, असा एक समज आहे. समजाचा दुसरा भाग आता तितकासा खरा नाही. वीस-पंचवीस वर्षे वापरलेली मर्सिडीज आज नव्या छोट्या गाडीपेक्षा कमी किमतीत मिळू शकते. ती पोसायला काय लागते, हा प्रश्न निराळा. पण जी वस्तू आपण वारशाने किंवा हौसेने सांभाळतो तिच्यात बदल करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तर साहित्याच्या विद्यार्थ्याला चांगलाच परिचित आहे.

मराठी माणसाला मर्सिडीजचा तारा प्रथम दिसला तो मोटारीवर नव्हे, मालमोटारीवर. १९५४ साली टेल्कोचा डेमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि ‘टाटा-मर्सिडीज’ ट्रक रस्त्यावर आले. मोटार आली ती १९९५ मध्ये, जेव्हा पुण्यात टेल्कोच्याच आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. पुढे २००९ मध्ये कंपनीचा स्वतंत्र कारखाना चाकणला उभा राहिला. नाशिक रोडहून पुण्याला निघालेल्या माणसाला वाटेत लागते तेच हे चाकण.

त्या काळच्या जर्मन गाड्यांत प्रायः बेकर किंवा ब्लाउपुंक्ट या नावांचे रेडिओ-कॅसेट असत. यातल्या ब्लाउपुंक्टशी नाशिकचे दूरचे नाते आहे. सातपूरला ज्या कारखान्याला नाशिककर अजूनही ‘मायको’ म्हणतात, तो बॉशचा; आणि ब्लाउपुंक्टही १९३३ पासून बॉशच्याच मालकीची होती. ‘ब्लाउपुंक्ट’ म्हणजे निळा ठिपका. १९२०च्या दशकात बर्लिनच्या या कंपनीत तपासणीत उतरलेल्या हेडफोनवर निळा ठिपका लावत. ग्राहक तो ठिपकाच मागू लागले आणि खुणेचे नाव झाले. २००८च्या अखेरीस बॉशने मोटारीच्या रेडिओचा हा व्यवसाय विकला, पुढे त्या कंपनीचे दिवाळे निघाले, आणि आज ते नाव परवान्यावर निरनिराळ्या उत्पादकांच्या वस्तूंवर दिसते. मूळ तपासणी गेली, ठिपका राहिला. ‘अस्सल’ या शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी ही हकिगत ध्यानात ठेवावी.

मोटारीचे वेगवेगळे अवयव वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात. त्या पिढीचे डिझेल इंजिन लाखो किलोमीटर धावते. स्टिरिओचे मात्र तसे नाही. फिलिप्सची कॅसेट १९६३ची, सीडी १९८२ची, आणि आज दोन्ही मागे टाकून गाणे फोनमधून येते. म्हणजे यंत्र शाबूत असते. त्याला पुरवायचे खाद्यच बाजारातून नाहीसे होते. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेट ज्यांच्या घरी खोक्यात पडून आहेत, त्यांना ही व्यथा वेगळी सांगायला नको.

तेव्हा बदल अटळ आहे, हे मान्य. पण तो किती सुकर होईल हे एका अगदी सामान्य दिसणाऱ्या गोष्टीवर अवलंबून असते. १९९५च्या ई-क्लासच्या डॅशबोर्डमध्ये रेडिओसाठी जी खोबण आहे, ती १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच आहे. हे जर्मन मानकाचे माप पुढे जगाने स्वीकारले. परिणामी तीस वर्षांपूर्वीच्या त्या खोबणीत आज तयार झालेला स्टिरिओ सरळ बसतो. तारांसाठी योग्य जोडणी घेतली की मूळची एकही तार कापावी लागत नाही.

याउलट नंतरच्या गाड्यांची गोष्ट. १९९८च्या एस-क्लासपासून ध्वनियंत्रणेचे भाग तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशतंतूच्या वर्तुळाने जोडले जाऊ लागले. आधी ‘डी-टू-बी’, मग ‘मोस्ट’ नावाची पद्धत. रेडिओ, ॲम्प्लिफायर, सीडी चेंजर, टेलिफोन सारे एका कड्यात हात धरून उभे. एकाला बाहेर काढले की कडे तुटते आणि सगळेच गप्प होतात. तुटलेले टोक जोडणारा तुकडा बसवावा लागतो, आणि ॲम्प्लिफायरला नव्या पाहुण्याची भाषा कळावी म्हणून मध्ये एक दुभाषी यंत्र घ्यावे लागते. आजच्या महागड्या गाड्यांत तर पडदा हाच डॅशबोर्ड झाला आहे. वातानुकूलनापासून गाडीच्या सेटिंगपर्यंत सारे त्यातच. तो पडदा दहा वर्षांनी जुना वाटू लागला तर काढायचा कसा आणि त्या जागी बसवायचे काय? सर्वांत जुनी गाडी बदलाला सर्वांत मोकळी आणि सर्वांत नवी सर्वांत बंदिस्त, असा हा उलटा क्रम आहे.

आम्हा मराठीच्या मंडळींना हा अनुभव नवा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रबंध, अंक, पुस्तके निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित झाली. प्रत्येक फाँटाची सांकेतिक मांडणी वेगळी. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे ती फाइल उघडली की मराठीऐवजी अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. मजकूर आहे, पण वाचता येत नाही. युनिकोड ही लिपीपुरती तशीच एक ठरलेल्या मापाची खोबण आहे. ती असेल तर पन्नास वर्षांनंतरच्या वाचकालाही दार उघडे राहते.

आता शुद्धतावाद्यांचा आक्षेप. जुन्या गाडीत लखलखता पडदा बसवणे म्हणजे हस्तलिखितावर बॉलपेनने दुरुस्त्या करणे, असे ते म्हणतात. आक्षेपात तथ्य आहे. पण त्याचे उत्तर पाठचिकित्सेतच आहे. चांगला संपादक मूळ पाठ खोडत नाही. सुचवलेला पाठ वेगळा देतो आणि मूळ तळटीपेत जपतो. तोच नियम येथे लावावा. मूळ स्टिरिओ भंगारात न देता त्याच्या सांकेतिक क्रमांकासह गुंडाळून ठेवावा. तार कापू नये, डॅशबोर्ड कोरू नये. पुढच्या मालकाला सारे पूर्ववत करता आले पाहिजे. पोर्शेने २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्या रूपाचे, पण फोनशी जोडता येणारे स्टिरिओ काढले. म्हणजे हा मार्ग खुद्द निर्मात्यालाही मान्य आहे.

दोन व्यावहारिक गोष्टी. आवाज फाटतो म्हणून स्टिरिओला दोष देण्याआधी स्पीकर पाहावेत. त्यांच्या कडेचा फोम वर्षानुवर्षांच्या हवेने कुजतो आणि दोष बहुधा तिथेच सापडतो. आणि नवा स्टिरिओ घेताना आवाजाची फिरती कळ असलेला घ्यावा. कसारा घाटात वळण घेताना कळ बोटांना न पाहता सापडते; गुळगुळीत पडद्यावर मात्र डोळे न्यावेच लागतात. मूळ रचनाकारांना हे उमगले होते.

राहता राहिला अधिकाराचा प्रश्न. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. मात्र सुटे भाग आणि माहितीपुस्तिका मिळणे ही त्या अधिकाराची पहिलीच पायरी आहे. विकत घेतलेल्या वस्तूचा एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता यावा, अशी तिची घडण असणे ही पुढची. एका छोट्या खोबणीचे माप जाहीरपणे ठरले म्हणून तीस वर्षांपूर्वीची गाडी आज पुन्हा गाऊ शकते. आजच्या गाड्यांकडून आणि त्यांच्यासाठी नियम करणाऱ्यांकडून एवढी मागणी करणे मुळीच अवाजवी नाही.