नादाची जात आणि नवी आवृत्ती

संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत नादाची तीन लक्षणे सांगितलेली असतात : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. पहिली दोन सरळ मोजता येतात. तिसरे लक्षण मात्र चकवणारे. सनईचा षड्ज आणि बासरीचा षड्ज एकाच उंचीचे असूनही आपण डोळे मिटून ओळखतो, ते या जातीमुळे. आम्हा गिटार वाजवणाऱ्यांची बहुतेक भांडणे याच तिसऱ्या लक्षणावरून होतात, आणि अलीकडे त्यांना एक नवेच निमित्त सापडले आहे : यंत्राचे अपडेट.

ज्या वाचकांचा या विषयाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज निम्मा गिटारात असतो आणि निम्मा अॅम्प्लिफायरच्या पेटीत. व्हॉल्व्हची ही पेटी जड, महाग आणि प्रवासात नाजूक. अकोल्याचा ऑर्केस्ट्रा अमरावतीला यायचा म्हणजे शंभरेक किलोमीटर ती सांभाळत आणायची. पुढे १९९८ मध्ये 'लाइन ६' या कंपनीचा 'पॉड' आला. पेटीतले व्हॉल्व्ह आणि स्पीकर आवाजाचे जे काही करतात, त्याची गणिताने केलेली ही नक्कल. २००६ मध्ये 'अॅक्स-एफएक्स' आणि २०११ मध्ये 'केम्पर' आले, नक्कल अधिकाधिक हुबेहूब होत गेली, आणि आता आपल्याकडचे लग्नातले वादकही पायाशी एक पट्टी ठेवून सगळी गाणी काढतात. परंतु जे गणित आहे ते सुधारता येते. म्हणून कंपनी दर काही महिन्यांनी नवी आवृत्ती पाठवते, आपण ती यंत्रात चढवतो, आणि लगेच कुणीतरी म्हणतो, "काहून बे, आवाज मऊ झाल्यासारखा नाही वाटत तुले?"

वाटतो. प्रश्न असा की, बदलला काय? यंत्र, की ऐकणारा?

यंत्र खरोखर बदलते, हे आधी मान्य केले पाहिजे. कंपनीने एखाद्या व्हॉल्व्हचे किंवा स्पीकरचे गणित नव्याने मांडले, तर तुमच्या जुन्या गाण्याचा आवाज तोच राहील याची हमी नाही. कधी अपडेटबरोबर यंत्राची मूळ मांडणी परत येते आणि वादकाने आपल्या हाताने लावलेले सारे पुसले जाते. राखून ठेवलेली प्रत परत चढवायची राहिली की आवाज 'गेला' म्हणून बोंब. कधी आवाज अगदी किंचित मोठा झालेला असतो. आणि येथेच पहिली फसगत आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की, आवाजाची पातळी बदलली की खर्ज आणि तार यांबाबत कानाची संवेदनक्षमता सारख्या प्रमाणात बदलत नाही. त्यामुळे किंचित मोठा केलेला तोच आवाज आपल्याला मोठा वाटत नाही, तो भरदार वाटतो. लहानमोठेपणाचा फरक आपण जातीच्या खात्यात जमा करतो.

दुसरी फसगत आपल्या हवेची. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तारा उतरतात, बोटांच्या घामाने त्यांचा चमकदारपणा चार दिवसांत जातो. शेजारी कूलर घरघरत असतो आणि आवाजातला बारकावा गिळत असतो. रात्री दीड वाजता कूलर बंद करून नवी आवृत्ती ऐकायची, आणि तिची तुलना दुपारच्या आठवणीशी करायची! नादाच्या जातीची हुबेहूब स्मृती काही सेकंदांच्या पुढे टिकत नाही. पुढे आपण तुलना करतो ती आवाजाशी नव्हे, आवाजाविषयीच्या आपल्या मताशी.

याचा सर्वांत सुंदर पुरावा व्हायोलिनवाल्यांनी दिला आहे. २०१० मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिस येथे क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ जाणत्या वादकांना काळे चष्मे घालून सहा व्हायोलिने वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियसची. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीच्या जागी अत्तराचा थेंबही लावला होता. सर्वांत जास्त पसंत पडले ते नवे, आणि सर्वांत कमी पसंत पडले ते एक स्ट्रॅडिव्हेरियस. आपल्या हातातले वाद्य जुने की नवे, हे बहुतेकांना सांगता आले नाही. यावरून वादकांना कान नसतो असा अर्थ काढणारे चूक करतात. त्यांना आवडनिवड होती, ठाम होती. ऐकू येत नव्हते ते फक्त वाद्याचे वय.

आमच्या आवृत्तीच्या क्रमांकाचे तेच आहे. मागच्या हिवाळ्यात अकोल्याला जठारपेठेतल्या एका मित्राच्या घरी आम्ही पाचजण बसलो होतो. त्याने एकच तुकडा दोनदा वाजवला आणि दुसऱ्या वेळी 'हे नवे' म्हणून सांगितले. तिघांना फरक स्पष्ट ऐकू आला. एकाने तर त्याला 'गोलाई' असे नावही दिले. आमच्यातला सर्वांत लहान, अकरावीतला मुलगा, गप्प राहिला. परतताना तो मला म्हणाला, "दादा, मले काहीच फरक आला नाही. माहा कान कच्चा हाये का? मंग शिकून काय उपेग?" तो गिटार विकायच्या विचारात होता. बरोबर ऐकणारा तेवढा तोच, आणि खोलीतल्या चारजणांत स्वतःला नालायक समजणाराही तोच! माझा राग आहे तो या गोष्टीवर. पैसे जातात ते जातातच. हप्त्यावर घेतलेले यंत्र फेडून होण्याआधी पुढचे घेणारे मी पाहिले आहेत. पण एखाद्याचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जाणे, हे नुकसान कोणत्या दुकानात भरून मिळते?

आपल्याकडे आवाज बदलण्याची विद्या काही नवी नाही. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो तेव्हा तो आवाजाची जातच बदलत असतो. तो घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कोणता क्रमांक सांगून गायकाला दिपवत नाही. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले.) तुकडोजी महाराजांच्या खंजिरीच्या परंपरेतले आपले भजनी लोक पावसाळ्यात सैल पडलेले चामडे विस्तवावर शेकतात आणि थाप मारून ठरवतात. आधी कान, मग मत.

तथापि एक बाजू वादकाची घेतलीच पाहिजे. गणित करायला यंत्राला क्षणाचा काही अंश लागतो, आणि नव्या आवृत्तीत तो वाढला तर श्रोत्याला पत्ता लागणार नाही, बोटांना लागेल. तार छेडल्यावर आवाज 'हाताला येणे' ही बाब ध्वनिमुद्रण ऐकून तपासता येत नाही. म्हणून "सगळे मनाचे खेळ" असे म्हणणाऱ्या शहाण्यांशीही माझे पटत नाही.

करायचे ते सोपे आहे. यंत्रातून न गेलेले कोरे वादन एकदा मुद्रित करावे. जुन्या आवृत्तीतून ते वाजवून ठेवावे, मग नवी चढवून पुन्हा. दोन्हींची पातळी मोजून सारखी करावी. मित्राने नाणे उडवून एकेक ऐकवावे, आणि आपण पाठ करून जुने की नवे ते सांगावे. दहाच्या दहा उत्तरे नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्ये एक आहे. बोटांचा प्रश्न असेल तर दोन यंत्रे मागून आणावीत, एकावर जुनी आणि एकावर नवी आवृत्ती ठेवावी, आणि वर फडके टाकून वाजवावे.

आमच्या संगीत मंडळाने स्नेहसंमेलनाच्या तालमीत हा प्रयोग करावा असे मी सुचवले आहे. अकोल्याच्या त्या मुलालाही बोलावले आहे; गिटार अजून त्याच्याकडेच आहे. नाणे तोच उडवणार आहे.