हादरा मोजायचा, तर यंत्र पारखून घ्या

मा. सदस्य सचिव,
चेन्नई महानगर विकास प्राधिकरण,
एग्मोर, चेन्नई



११ एप्रिल २०१२ च्या दुपारी सुमात्राजवळ समुद्रात ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि इथे अण्णा नगरात आमच्या देवघरातला लामणदिवा साखळीसकट झुलू लागला. सगळे जिन्याने खाली धावलो. तासाभराने प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता: इमारत ठीक आहे ना? कुणी भिंतीवरून हात फिरवला, कुणी भेगा शोधल्या. इमारत किती हलली, हे सांगायला एकही यंत्र नव्हतं.

तमिळ आणि इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे पाठवतोच आहे. तरी हे पत्र मराठीत लिहितो, कारण यंत्र असणं आणि नसणं यातला फरक महाराष्ट्राने सोसून पाहिला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना हादरली, तेव्हा धरणात त्वरणमापक होता. त्याने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट त्वरण नोंदवलं. आराखड्यात भूकंप गुणांक धरला होता ०.०५. त्या आलेखावर आजही जगभरचे अभियंते काँक्रीटच्या धरणांचं गणित तपासतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि केंद्राजवळ मुख्य धक्क्याची जोरदार हालचाल टिपणारं यंत्रच नव्हतं. ती नोंद कायमची हुकली.

भुजच्या भूकंपानंतर, २००२ साली, चेन्नई दुसऱ्या भूकंप क्षेत्रातून तिसऱ्यात आली. आयएस १६७०० या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीने या क्षेत्रात १५० मीटरांहून उंच इमारतींत त्वरणमापक बसवायला सांगितलं. तमिळनाडूच्या बांधकाम नियमांत मात्र १८.३० मीटरांवरची इमारत उंच ठरते. या दोन आकड्यांच्या मधेच आम्ही राहतो.

आता यंत्राविषयी. दिसेल तो सेन्सर बसवून भागत नाही. दूरचे बारीक कंप टिपणारा ब्रॉडबँड सीस्मोमीटर जवळच्या जोरदार धक्क्यात मर्यादा ओलांडतो आणि आलेखाचे माथे छाटले जातात. अभियंत्याला नेमके तेच हवे असतात. चौदा मजली इमारतीला एका झोक्याला ढोबळमानाने सव्वा-दीड सेकंद लागतो. स्वस्तातल्या ४.५ हर्ट्झच्या जिओफोनला एवढी संथ हालचाल जेमतेम जाणवते. मोबाइलच्या जातीच्या साध्या मेम्स सेन्सरच्या स्वतःच्या खरखरीतच हलका हादरा बुडून जातो. इमारतीला हवा तो तिन्ही दिशांनी मोजणारा, गुरुत्वत्वरणाच्या दुपटीपर्यंत न छाटता नोंदवणारा, कमी खरखरीचा आणि जीपीएसच्या वेळेशी जुळवलेला त्वरणमापक.

जागाही तितकीच महत्त्वाची. एक तळाशी, काँक्रीटला बोल्टने घट्ट कसलेला. निदान दोन गच्चीच्या स्लॅबवर, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, म्हणजे इमारत पिळवटली तर तेही कळेल. लिफ्टची मोटार आणि पाण्याचा पंप यांपासून सगळे दूर. अण्णा नगरच्या पोटातून मेट्रो धावते, म्हणून आधी काही दिवस रोजची थरथर मोजावी आणि मगच नोंद सुरू होण्याची पातळी ठरवावी.

माझ्या मागण्या तीन. पहिली, नव्या उंच इमारतींना परवानगी देताना ही यंत्रं अट म्हणून घाला. खरेदी सर्वांत कमी दरावर न ठरवता तांत्रिक निकषांवर ठरवा. ते निकष लिहिणारी माणसं तरमणीच्या एसईआरसी या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रात आणि आयआयटी मद्रासमध्ये, याच शहरात आहेत. दुसरी, १९६८ च्या व्यापार मेळ्यासाठी उभारलेल्या, १३५ फुटी विश्वेश्वरय्या मनोऱ्यात महापालिकेच्या साथीने पहिला संच बसवा. आमची मुलं तिथे रोज खेळतात. यंत्र काय नोंदवतं हे त्यांना बघू द्या. तिसरी, नोंदी रहिवाशांसाठी खुल्या ठेवा.

यंत्र भूकंप थांबवत नाही. पण पुढच्या हादऱ्यानंतर घरी परतायचं की नाही, याचं उत्तर आम्हाला लामणदिव्याकडे बघून शोधायला लावू नका. निर्णय आपल्या हाती आहे. तो हादऱ्याच्या आधी घ्या.

आपला,
अण्णा नगरचा एक रहिवासी