मोजणीनंतरचे राज्य

मतदारांनी दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच कौल दिला, तर पुढे काय घडते ते मतदारांच्या हातात फारसे राहत नाही. तारीख कोण ठरवतो, सभागृहाच्या खुर्चीवर कोण बसले आहे, पक्षाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याची आमदारकी जाते की राहते, अशा एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या प्रश्नांना अशा वेळी एकदम महत्त्व येते. काठावरच्या बहुमताचा इतिहास म्हणजे मुख्यतः या प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर काँग्रेसची निवडणूक होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी रिपब्लिकन पक्षाला २२२ आणि डेमोक्रॅटिक पक्षाला २१३ मिळाल्या. सिनेट ५१ विरुद्ध ४९ अशा फरकाने डेमोक्रॅटांकडे राहिले. सरकार पडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तिथले सरकार सभागृहाच्या विश्वासावर उभे नसते. अडचण वेगळ्याच जागी आली. जानेवारी २०२३ मध्ये केविन मॅकार्थी यांना सभापती होण्यासाठी मतदानाच्या पंधरा फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत सभापती निवडला न जाण्याची १९२३ नंतरची ती पहिलीच वेळ होती. नाराजांना वळवताना त्यांनी एक सवलत मान्य केली: सभापतींना हटवण्याचा प्रस्ताव एकट्या सदस्यालाही मांडता येईल. त्याच सवलतीने ३ ऑक्टोबर २०२३ रोजी त्यांचे पद गेले. त्यांच्या पक्षाचे आठ सदस्य डेमोक्रॅटांबरोबर गेले आणि प्रस्ताव २१६ विरुद्ध २१० मतांनी मंजूर झाला. त्या आठ जणांची सदस्यत्वे मात्र शाबूत राहिली. पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून सदस्यत्व घालवणारा कायदा अमेरिकेत नाही.

महाराष्ट्रात तसा कायदा आहे, आणि सरकारही सभागृहाच्या विश्वासावरच चालते. त्यामुळे इथला काठावरचा कौल अमेरिकेहून अधिक काळ आणि अधिक ठिकाणी लढला जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाच विधानसभा मतदारसंघांनी तर २०१९ नंतर या लढाईचा जवळजवळ प्रत्येक प्रकार पाहिला आहे.

राज्यातला पहिला मोठा धडा मात्र त्याआधीचा, १९७८ चा. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष विरोधात बसला आणि एकमेकींविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेसनी वसंतदादा पाटील यांच्या नेतृत्वाखाली सरकार केले. उपमुख्यमंत्री इंदिरा काँग्रेसचे नाशिकराव तिरपुडे. महाराष्ट्रात हे पद तेव्हाच पहिल्यांदा निर्माण झाले, आणि दोन पक्षांतली कुरबूर मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसवण्याची सोय म्हणून ते पुढेही उपयोगी पडत राहिले. जुलै १९७८ मध्ये शरद पवार आपल्या समर्थक आमदारांसह बाहेर पडले आणि १८ जुलैला, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. पक्षांतरबंदी कायदा तेव्हा नव्हता. कोणाचीही आमदारकी गेली नाही. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा राहिला तो या प्रसंगामुळे. फेब्रुवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी केंद्रात परतल्यावर ते सरकार बरखास्त झाले.

१९९५ मध्ये शिवसेनेचे ७३ आणि भाजपचे ६५ मिळून १३८ आमदार होते. बहुमताला १४५ लागतात. काँग्रेस ८० वर अडकली होती आणि ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांतले कित्येक काँग्रेसचेच बंडखोर. सरकार मनोहर जोशींचे झाले, ते अपक्षांच्या जिवावर. हर्षवर्धन पाटील आणि अनिल देशमुख अशा अपक्षांना मंत्रिपदेही मिळाली. १९९९ मध्ये सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर काँग्रेसमधून बाहेर पडलेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काही महिन्यांतच काँग्रेसबरोबर सत्तेत बसला. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा होत्या, तरी मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले; बदल्यात राष्ट्रवादीने जादा खाती घेतली.

२०१४ ची मोजणी दिवाळीच्या तोंडावर झाली. भाजप १२२ वर थांबला आणि राष्ट्रवादीने न मागता बाहेरून पाठिंबा देऊ केला. नोव्हेंबरात देवेंद्र फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर करून घेतला. कोणी कोणाला मत दिले, हे त्यामुळे कागदावर कधी आलेच नाही. विरोधात बसलेली शिवसेना डिसेंबरमध्ये सत्तेत सहभागी झाली. आवाजी मतदान ही क्षुल्लक तांत्रिक बाब वाटते. पण काठावरच्या सभागृहात तिचे मोल किती, ते पुढच्याच विधानसभेत कळले.

२४ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४ असे आकडे आले. भाजप-शिवसेना युतीला स्पष्ट बहुमत होते. तरी मुख्यमंत्रिपद अडीच-अडीच वर्षे वाटून घेण्याच्या वादात युती मोडली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला ती पहाटे उठवली गेली आणि सकाळी फडणवीस व राष्ट्रवादीचे अजित पवार यांचा शपथविधी झाला. लोकांच्या तोंडी तो ‘पहाटेचा शपथविधी’ म्हणूनच राहिला. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, खुल्या मतदानाने आणि थेट प्रक्षेपणासह बहुमताची चाचणी घ्यायला सांगितले. चाचणीची वेळच आली नाही. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. न्यायालयाने आमदारांची संख्या बदलली नव्हती, फक्त तारीख पक्की केली होती. २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून उद्धव ठाकरे यांचा शपथविधी झाला.

या सरकारकडे संख्या भरपूर होती. विश्वासदर्शक ठरावाला १६९ मते पडली. तरीही त्याच्या हातून दोन गोष्टी निसटल्या. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा दिला; त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष ती खुर्ची रिकामी राहिली आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत राहिले. गुप्त मतदानाऐवजी आवाजी मतदानाने अध्यक्ष निवडण्यासाठी सरकारने नियम बदलला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी निवडणुकीला मंजुरी दिली नाही. विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा सदस्यांची यादी नोव्हेंबर २०२० पासून राजभवनात पडून राहिली. हे सरकार पुढे आमदारांच्या बंडाने गेले हे खरे, पण अध्यक्ष स्वतःचा नसलेले सरकार बंडाला तोंड कसे देणार होते, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

जून २०२२ मधील शिवसेनेच्या एकनाथ शिंदे यांचे बंड समजण्यासाठी कायद्यातली एक दुरुस्ती माहीत असावी लागते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, एक तृतीयांश सदस्यांनी फूट पाडली तर त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते काढले. आता दोन तृतीयांश सदस्यांचे दुसऱ्या पक्षात विलीनीकरण, एवढाच मार्ग उरला. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली; महाराष्ट्रात ती ४३ होते. हेतू फोडाफोडी थांबवण्याचा होता. परिणाम असा झाला की एकटादुकटा आमदार फुटेनासा झाला आणि फुटायचे तर पक्षच्या पक्ष उचलावा लागू लागला. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार एकदम भाजपमध्ये गेले, ते याच हिशेबाने. अमेरिकेत आठ जणांनी सभापती घालवला आणि ते आपल्या जागीच राहिले. महाराष्ट्रात तेवढ्याच नाराजीसाठी चाळीसएक आमदारांना सुरत, गुवाहाटी, गोवा असा प्रवास करावा लागला.

शिंदे गटाने विलीनीकरणही केले नाही. आपणच मूळ शिवसेना आहोत, असा त्यांचा दावा होता. त्यामुळे वाद विधानसभेतून निवडणूक आयोगाकडे आणि न्यायालयात गेला. रत्नागिरी जिल्ह्यातून २०१९ मध्ये शिवसेनेचे चार आणि राष्ट्रवादीचे एक असे आमदार निवडून आले होते. दापोलीचे योगेश कदम आणि रत्नागिरीचे उदय सामंत शिंदे यांच्याबरोबर गेले. सामंत तर बंड सुरू झाल्यावर काही दिवसांनी, मंत्री असताना, गुवाहाटीला पोहोचले. गुहागरचे भास्कर जाधव आणि राजापूरचे राजन साळवी ठाकरे यांच्याबरोबर राहिले. पुढे जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीही फुटली आणि चिपळूणचे शेखर निकम अजित पवारांच्या बाजूला गेले.

२९ जून २०२२ रोजी ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, ३० जूनला शिंदे मुख्यमंत्री झाले आणि ३ जुलैला, दीड वर्ष अडलेली अध्यक्षपदाची निवडणूक पार पडली. राहुल नार्वेकर यांना १६४ मते मिळाली. त्यांच्याविरुद्ध उभ्या राजन साळवी यांना १०७. त्या एका मतदानाने पुढच्या दीड वर्षाचे उत्तर जवळपास लिहून ठेवले, कारण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनीच द्यायचा असतो. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे चुकीचे होते, आणि शिंदे गटातले महाडचे भरत गोगावले यांना शिवसेनेचा प्रतोद म्हणून मान्यता देणेही बेकायदा होते. मात्र ठाकरे यांनी स्वतःहून राजीनामा दिल्याने त्यांना पुन्हा पदावर बसवता येत नाही, असेही सांगितले. तोपर्यंत, फेब्रुवारी २०२३ मध्येच, निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे यांना दिले होते. १० जानेवारी २०२४ रोजी नार्वेकर यांनी शिंदे यांचीच शिवसेना खरी ठरवली आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही. इतक्या खटाटोपाअंती कोणाचीच आमदारकी जाऊ नये, याहून या कायद्याची मोठी टीका कोणी करू शकणार नाही.

सत्तेच्या या वाटाघाटींची झळ राजापूर तालुक्याला वेगळ्या रीतीने बसली. नाणार येथे तीन सरकारी तेलकंपन्यांच्या वर्षाला सहा कोटी टन क्षमतेच्या रिफायनरीसाठी २०१७ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना निघाली. एप्रिल २०१८ मध्ये उद्योगमंत्री असलेले शिवसेनेचे सुभाष देसाई यांनी नाणारमध्येच ती रद्द केल्याचे जाहीर केले. मंत्र्यांना तसा अधिकार नाही, असे मुख्यमंत्र्यांनी त्याच दिवशी सांगितले. एकाच मंत्रिमंडळातल्या दोघांचे हे संभाषण जाहीर सभा आणि पत्रकारांच्या मध्यस्थीने झाले. २०१९ च्या लोकसभेसाठी युती जुळली आणि मार्चमध्ये अधिसूचना खरोखरच रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये मुख्यमंत्री ठाकरे यांनी त्याच तालुक्यातील बारसूची जागा केंद्राला सुचवली. एप्रिल २०२३ मध्ये शिंदे सरकारच्या काळात बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झाले, ग्रामस्थ आडवे आले, पोलिसांचा बंदोबस्त लागला आणि मे महिन्यात ठाकरे विरोध करणाऱ्यांना भेटायला बारसूत आले. पाच वर्षांत प्रकल्पाच्या प्रत्येक टप्प्यावर समर्थक आणि विरोधक जागा बदलत गेले. सड्यावरची आंब्या-काजूची कलमे आणि कातळशिल्पे यांच्याविषयीची चर्चा या गडबडीत मागेच पडली.

स्थानिक स्वराज्य संस्थांचे हाल त्याहून वाईट झाले. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी तिहेरी कसोटी लावली. त्यानंतर आघाडी सरकारने प्रभागांची संख्या बदलली आणि शिंदे सरकारने आल्याबरोबर ती पूर्ववत केली. प्रत्येक बदल न्यायालयात गेला. रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगेपर्यंत तीन वर्षे उलटली होती. मुंबईत सरकारे दोनदा बदलली, तेवढ्या काळात गावातल्या माणसाला जिल्हा परिषदेत आपला सदस्य म्हणून कोणाकडे जायचे ते ठाऊक नव्हते.

२०२४ मध्ये कौलाची काठावरची अवस्था सहा महिने टिकली. लोकसभेत राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी यांच्या महायुतीला मिळाल्या, पण दोन्ही बाजूंच्या मतांची टक्केवारी जवळजवळ सारखी होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाजपचे नारायण राणे यांनी ठाकरे यांच्या पक्षाचे विनायक राऊत यांना ४७,८५८ मतांनी हरवले. नोव्हेंबरच्या विधानसभेत भाजप १३२, शिंदे यांची शिवसेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१ वर गेली. जिल्ह्यातल्या पाचांपैकी चार जागा महायुतीकडे गेल्या आणि फक्त गुहागर ठाकरे यांच्या पक्षाकडे राहिले. राजापुरात हरलेले राजन साळवी फेब्रुवारी २०२५ मध्ये शिंदे यांच्या पक्षात गेले.

एकतर्फी निकालानेही खुर्च्यांचा वाद संपला नाही. ठाकरे यांच्या पक्षाचे २०, काँग्रेसचे १६ आणि शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे १० आमदार आले. विरोधी पक्षनेतेपदासाठीच्या सभागृहाच्या दहा टक्क्यांच्या, म्हणजे २९ च्या प्रघाताला कोणीच पोहोचले नाही. मार्च २०२५ मध्ये ठाकरे यांच्या पक्षाने विरोधी पक्षनेतेपदासाठी भास्कर जाधव यांचे नाव दिले. त्यावर निर्णय देण्याचा अधिकार, अपात्रतेच्या वेळी होता तसाच, अध्यक्षांकडे आहे. आणि अध्यक्षपदी राहुल नार्वेकर पुन्हा, या वेळी बिनविरोध, निवडून आले आहेत.