वाचलेला रुपया कुठे जातो?

गोराई म्हटले की बाहेरच्या मुंबईकराला खाडीपलीकडचा पॅगोडा आठवतो, नाहीतर एकेकाळी एस्सेल वर्ल्डला नेणारी बोट. खाडीच्या अलीकडे, बोरिवली पश्चिमेला म्हाडाची गोराई एक आणि गोराई दोन आहे. पर्यटकाला तिथे पाहण्यासारखे काही नाही, पण घराच्या कर्जाविषयी विचार करणाऱ्याला भरपूर आहे. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ पासून राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, मालवणी आणि गोराई इथे सरकारने बहुतेकांना तयार घर दिले नाही. रस्ता, पाणी आणि सांडपाण्याची सोय केलेला लहानसा भूखंड दिला. पस्तीसेक कुटुंबांची एक सोसायटी, मध्ये सामायिक अंगण, आणि घर ज्याने त्याने आपल्या ऐपतीने उभारायचे. आधी भिंती आणि वर पत्रा, बोनस किंवा फंडाचे पैसे आले की स्लॅब, पुढे कधीतरी वरचा मजला. सुरुवातीला कितीतरी भूखंड मोकळे पडलेले दिसत, म्हणून योजना फसली असे तज्ज्ञांचे मत झाले होते. दोन दशकांनी अभ्यासक परत फिरकले तेव्हा भरगच्च, नांदत्या वस्त्या पाहून त्यांना ते मत बदलावे लागले. मोकळ्या भूखंडांचा अर्थ साधा असावा: पुढचे काम पुढच्या पैशांची वाट पाहत होते.

बांधकामाचा हा संथपणा म्हणजे कर्जावरचा लगामच होता. मिळकत जितकी पुढे सरकेल तितकेच घर वर चढायचे. आज त्याच परिसरात सदनिका घेणाऱ्या जोडप्याला अशी सवलत नाही. घर एकदम मिळते आणि त्याची किंमतही एकदमच डोक्यावर येते. तीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये होतो. त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० रुपये व्याजात जातात. वर्षभरात तीन लाख बारा हजारांच्या आसपास रक्कम बँकेला पोचते आणि मूळ कर्ज कमी होते जेमतेम साठ हजारांनी. वीस वर्षांत एकूण साडेबासष्ट लाख भरायचे. हे आकडे कुणापासून लपवलेले नाहीत, मंजुरीपत्रासोबत तक्ता मिळतो. पण घराच्या किल्ल्या हातात येण्याच्या आनंदात तो तक्ता फाइलीत जातो आणि हप्ता तेवढा लक्षात राहतो.

मोठे कर्ज काटकसरीने फेडता येते का, असे विचारले की आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे येतात. अंथरूण पाहून पाय पसरा, हे एक. आणि दुसरे असे, की बाहेरचा चहा सोडून कुणाचे कर्ज फिटलेले नाही. दोन्ही अर्धवट आहेत. माझे म्हणणे इतकेच आहे की काटकसरीने कर्ज नक्की फिटते, पण वाचणारा रुपया कुठे जाणार हे तो वाचण्याआधी ठरले असेल तरच. नुसता वाचलेला रुपया खात्यात राहत नाही. सणाला, सेलला, पाहुण्यांना, नव्या मोबाइलला तो वाट काढून निघून जातो, आणि वर्षाअखेरीस माणूस खऱ्या खेदाने म्हणतो की आम्ही इतके जपून राहिलो तरी काही उरले नाही. वरच्याच कर्जात दर महिन्याला आणखी पाच हजार थेट मुद्दलात भरले, तर वीस वर्षांचे कर्ज साधारण तेरा वर्षे आठ महिन्यांत संपते आणि साडेअकरा लाखांहून जास्त व्याज वाचते. तेच पाच हजार बचत खात्यात ‘बघू नंतर’ म्हणून ठेवले तर असे काहीच घडत नाही. दोन्ही घरांतली काटकसर सारखीच असते.

म्हणून जमाखर्चाची वही महत्त्वाची. ती खर्च संपल्यावर लिहायची नाही, पगाराच्या दिवशी लिहायची. महिनाअखेरीस लिहिलेला हिशेब हळहळ वाटायला उपयोगी पडतो, त्याने कर्ज हलत नाही. जादा भरणा पगाराच्या दुसऱ्याच दिवशी जायला हवा आणि बँकेला तो मुद्दलात जमा करा, मुदत कमी करा, असे लेखी कळवायला हवे. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडणाऱ्या व्यक्तीकडून बँकांनी दंड घेऊ नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. तरीही ‘चार्ज लागेल’ या भीतीने गप्प बसणारे कर्जदार कमी नाहीत.

कोणते कर्ज आधी, हा प्रश्न गृहकर्जापेक्षाही निकडीचा आहे, कारण एका घरात बहुधा तीन-चार कर्जे एकत्र नांदत असतात. क्रेडिट कार्डावर महिना साडेतीन टक्के हा नेहमीचा दर. एक लाखाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन हजार व्याज आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ४,१३० रुपये. ‘किमान देय’ म्हणून पाच टक्के, पाच हजार रुपये भरणाऱ्याचे कर्ज त्या महिन्यात फक्त ८७० रुपयांनी घटते. फ्रिज-टीव्हीपासून दुचाकीपर्यंत दुकानात ‘फक्त दहा टक्के, फ्लॅट’ म्हणून सांगितले जाणारे कर्ज तीन वर्षांच्या मुदतीवर खऱ्या हिशेबाने अठरा टक्क्यांच्या घरात जाते, कारण मुद्दल घटत असताना व्याज मात्र पहिल्या रकमेवरच आकारले जाते. तेव्हा ज्या कर्जाचा दर सर्वांत चढा ते आधी, हे गणिताला धरून आहे. काही जण सर्वांत लहान कर्ज आधी संपवायला सांगतात, एक खाते बंद झाले की हुरूप येतो म्हणून. दरांत फार फरक नसेल तर खुशाल तसे करावे. बेचाळीस टक्क्यांचे कार्ड आणि साडेआठ टक्क्यांचे गृहकर्ज समोर असताना हुरुपाची ही किंमत परवडणारी नाही.

काटकसर कशात करायची, याबद्दलचा उपदेशही बहुधा चुकीच्या जागी बोट ठेवतो. रोज पंधरा रुपयांचा कटिंग बंद केला तर महिन्याला साडेचारशे वाचतात. आठ लाखांची गाडी साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतली तर तिचा हप्ता तेरा हजारांच्या आसपास जातो, आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग वेगळे. गोराईच्या अरुंद गल्ल्यांत ती उभी करायची कुठे, हा दर संध्याकाळचा तंटा त्यात धरलेलाच नाही. गोराई डेपोतून बेस्ट सुटते, स्टेशनला शेअर रिक्षा जाते, २०२२ पासून लिंक रोडवर मेट्रो धावते. अशा ठिकाणी राहणाऱ्या कर्जबाजारी कुटुंबाने चहा सोडावा आणि गाडी ठेवावी, हा सल्ला हास्यास्पद आहे. मोठे निर्णय तीन-चारच असतात: वाहन, शाळेची निवड, लग्नसमारंभाचा आकार, आणि आहे ते घर चांगले असताना मोठ्या घराची ओढ. यांतल्या एकाला ठाम नकार दिला तर वर्षभराच्या कटिंगची चिंता करावी लागत नाही. लग्नाबद्दल तर उघड बोलायला हवे. ऋण काढून सण करू नये, हे आपण सगळे जाणतो. तरी हॉलच्या आगाऊ रकमेसाठी सोने गहाण टाकणे आपल्याला सण वाटत नाही, कर्तव्य वाटते.

आता आक्षेप. पहिला, आणि सुशिक्षितांमध्ये सर्वांत लोकप्रिय: गृहकर्ज स्वस्त आहे, ते लवकर फेडण्यापेक्षा तेच पैसे एसआयपीत घाला, बारा टक्के मिळतील. बारा टक्के मिळू शकतात, मिळतीलच असे नाही. कर्जावरचे साडेआठ टक्के मात्र नक्की वाचतात आणि त्या वाचण्यावर करही नाही. ज्याची नोकरी पक्की, वय कमी आणि बाजार पडल्यावर झोप न उडणारी, त्याने थोडे इकडे थोडे तिकडे करायला हरकत नाही. पण हा युक्तिवाद करणारे किती जण उरलेले पैसे खरोखर एसआयपीत घालतात, याबद्दल मला शंका आहे. ‘करबचत जाईल’ ही त्याच घराण्यातली तक्रार. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. तीस टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस दोन लाख व्याज भरून साधारण बासष्ट हजार कर वाचवतो, म्हणजे एक लाख अडतीस हजार तरीही गेलेच. नव्या प्रणालीत तर राहत्या घरासाठी ही वजावटच नाही. एक गोष्ट मात्र या आक्षेपकांची मान्य करावी: कर्ज फेडण्याच्या घाईत हाताशी काहीच न ठेवणे धोक्याचे आहे. तीन-चार महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला नसेल, तर एका आजारपणात पुन्हा कार्डाकडेच हात जातो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. काटकसर करते कोण? अनेक घरांत तिचा अर्थ एवढाच की गृहिणीने दुधाची पिशवी एक कमी करायची, कामवाली बंद करायची, स्वतःची औषधे पुढे ढकलायची, आणि पुरुषाने कर्जाचा खरा आकडा कुणाला सांगायचा नाही. ही काटकसर नव्हे, भार दुसऱ्यावर ढकलणे आहे, आणि ती टिकतही नाही. कर्जाचा पूर्ण आकडा, दर आणि शिल्लक मुदत घरातल्या प्रत्येक कमावत्या आणि घर चालवणाऱ्या माणसाला माहीत असल्याशिवाय अंदाजपत्रकाला अर्थ नाही. बचत गट चालवणाऱ्या बाया हे फार आधीपासून जाणतात. तिथे कुणाकडे किती थकले आहे ते बैठकीत सर्वांसमोर वाचले जाते.

तिसरा आक्षेप असा, की ज्याची मिळकतच अपुरी आहे त्याला काटकसर शिकवणे क्रूर आहे. बरोबर आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली तेव्हा जवळपास निम्मी कुटुंबे कर्जात होती, आणि रुपयामागे महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास दर होता. वर्षाला पंचाहत्तर टक्के. ते कामगार उधळे होते म्हणून हे घडले नव्हते. आजही मायक्रोफायनान्सच्या नियमानुसार कर्जफेड कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकते. वर्षाला तीन लाखांच्या आत कमावणाऱ्या घरातून निम्मे उत्पन्न हप्त्यात गेल्यावर आणखी कशात कात्री लावायची? तिथे हप्त्यांची फेररचना मागणे, परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याकडे जाणे, हे पहिले उपाय. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, एवढा नियम तरी प्रत्येकाला पाठ हवा. माझा युक्तिवाद नियमित पगार असलेल्या, हप्ता कसाबसा निघणाऱ्या कुटुंबांपुरता आहे. उपनगरांत अशी कुटुंबे थोडी नाहीत.

या कुटुंबांच्या शिस्तीवर पाणी फिरवणारी गोष्ट बँकेच्या बाजूने घडते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर अडीच टक्क्यांनी चढला. अनेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली, आणि कर्जदाराला वाटले काही बदललेच नाही. सात टक्क्यांनी तीस लाख नुकतेच घेतलेल्याचा हप्ता २३,२५९ रुपये. दर साडेनऊ झाला की महिन्याचे नुसते व्याज २३,७५० होते. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढते. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, की स्थिर दराकडे जायचे, हा पर्याय कर्जदाराला द्या. २०२५ मध्ये दर सव्वा टक्क्याने उतरले. अशा वेळी उतरलेला दर लागू झाल्याची खात्री करून घ्यावी, हप्ता जुनाच ठेवावा आणि मुदत कमी करून घ्यावी. खर्चात एका पैशाचीही नवी कपात न करता मिळणारी ही बचत आहे, आणि तरीही ‘हप्ता थोडा कमी झाला’ यावर समाधान मानणारेच अधिक भेटतात.

ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जासोबत सर्व शुल्कांसह खरा वार्षिक दर सांगणारे एक पत्रक देणे बँकांना बंधनकारक आहे, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे असेही नियमच म्हणतो. बोरिवली-गोराईच्या शाखांत ते मराठीत मागावे. सही त्यानंतर करावी.